वास कसला येतोय?

तापातून उठल्यापासून शिवणकामवाल्या काकूंना कसलाच वास येत नव्हता. तेव्हापासून त्यांनी गॅसचा धसकाच घेतला होता. आज लेक यायची, म्हणून जीव मुठीत धरून त्यांनी गॅसचा ओव्हन पेटवला. आत पीचच्या फोडी, वर लोणी-मैद्याचे गोळे. काकू सारख्या वाकून ज्योत बघत होत्या. मेली विझली तर कळणार कसं?

लेक आली नि दारातच थबकली. "आई, वास कसला येतोय गं?"

काकू ओव्हनकडे धावल्या. त्यांनी गॅस बंद केला नि लेकीला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अगं, पीचचा वास! किती छान येतोय!"

काकू मटकन पायरीवर बसल्या. "मेले, सुवास म्हणता येत नाही?" त्या कडाडल्या.

मग हळूच म्हणाल्या, "कसा येतोय गं? सांग ना."