नवसाचे रोडगे

नागपूरच्या एका रुग्णालयात माझ्या पोटावर शस्त्रक्रिया चालू होती, त्या वेळी माझी थोरली बहीण पुसदकडच्या आपल्या गावी मारुतीच्या ओट्यावर बसून नवस बोलत होती. भाऊ सुखरूप घरी आला तर थंडीत रोडगे करीन, गाव जेवू घालीन आणि पहिला रोडगा त्याला खाऊ घालीन. शस्त्रक्रिया वजन कमी करण्यासाठी होती. पोटाचा मोठा भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवणार होते. हे मी तिला फोनवर समजावून सांगितले होते आणि तिला ते समजलेही होते. तरी देवाला तिने कबूल केले ते जेवणच. आमच्याकडे भीती, आनंद, सुटका या सगळ्यांचा शेवट पंगतीत होतो. दुसरे काही कबूल करता येते, हे तिच्या मनात आले नसावे.

रोडगा ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर, तो जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा मुठीएवढा गोळा असतो. कणकेच्या वाट्या एकात एक घालून तो बंद करतात आणि शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. मग राख झटकायची, फोडायचा, तूप सोडायचे आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. पोटाला जड असतो. चांगला खाणारा माणूस दोन-तीन खातो. मी एकदा सात खाल्ले होते. बहिणीच्या गावात ती गोष्ट अजून सांगतात.

मी यवतमाळला एका दैनिकाच्या कार्यालयात तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या तपासतो. लोहाऱ्याला दोन खोल्यांत राहतो, एकटा. लग्नाची बोलणी दोन ठिकाणी झाली, पुढे गेली नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

घरचा वजनकाटा दीडशे किलोपर्यंतचा होता. एका सकाळी त्याने आकडा दाखवणे बंद केले. ओळखीच्या एका जिनिंगमध्ये जाऊन मी कापसाच्या काट्यावर उभा राहिलो. कापूस घेताना ओलाव्यापोटी वजनात कपात धरतात. तिथल्या हमालाने काट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "साहेब, ओलावा किती कापू?" सगळे हसले. मीही हसलो. वजन एकशे चौसष्ट भरले होते. ओलावा कापला नव्हता.

त्या शरीराचा दिवस कसा जातो याविषयी थोडेच सांगतो. शेअर ऑटोवाला मला लांबून पाहिले की मान दुसरीकडे वळवायचा. बुटाच्या नाड्या मला बांधता येत नसत, म्हणून बूट वापरणे सोडले. लग्नाच्या मांडवात शिरलो की कोणीतरी काही न बोलता प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून माझ्यासाठी आणायचा. झोपेत श्वास अडकायचा, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला तो मुख्यतः त्यासाठी.

जेवताना मात्र मी लोकांना हवा असायचो. कार्यालयात संध्याकाळी डबे उघडले की पहिली हाक मला असे. "भाऊ, हे वांगं संपवा, घरी नेलं तं बायको बोलते." गावाकडे पंगतीत मला मध्ये बसवत. माझे जेवण लांबायचे आणि पंगतीतून एकट्याने उठायचे नसते, म्हणून बाकीचे उष्ट्या हाताने बसून राहायचे. बोटांवर वरण वाळून पापडी धरायची, तरी कोणी हात धुवायची घाई करत नसे. मी खात होतो आणि ते बोलत होते. माझी बहुतेक मैत्री अशीच झाली आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे मी औषधाच्या मापाच्या छोट्या कपातून पाणी आणि डाळीचे पाणी घेतले. नंतर मऊ डाळ, मग पनीर. चमचा लहान मुलाचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही काही वेळ नाही. केस गळू लागले. ऐन पावसाळ्यातही थंडी वाजायची. वजन उतरत होते आणि दंडाखालची कातडी सैल होऊन लोंबत होती. डॉक्टरांच्या मते सगळे व्यवस्थित होते. मलाही तसेच दिसत होते. रात्री श्वास अडकत नव्हता, जिना चढता येत होता, बुटाच्या नाड्या बांधता येत होत्या.

कार्यालयात परत गेलो तेव्हा सहकाऱ्यांनी डबे घाईने बंद केले. मी म्हणालो, खा. त्यांनी खाल्ले, पण मला वास येऊ नये म्हणून खिडकी उघडली. दुसऱ्या आठवड्यापासून ते पलीकडच्या, जुने अंक ठेवायच्या खोलीत जेवायला बसू लागले. माझ्या भल्यासाठीच. तिथून हसण्याचा आवाज यायचा. मी टेबलावर वाटी ठेवून पनीरचा एकेक तुकडा चावत बातम्या वाचायचो. वाटी संपायला लागणाऱ्या वेळात दोन तालुक्यांच्या बातम्या होत.

दत्त चौकात एक जुना ओळखीचा भेटला. त्याने माझे मनगट धरून पाहिले.

"काय झालं भाऊ? शुगर लागली काय?"

"नाई."

त्याने आवाज खाली आणला. "मोठं दुखणं?"

मी शस्त्रक्रियेचे सांगितले. त्याने मनगट सोडले. "म्हंजे पैसे देऊन उपाशी राहून राह्यला? आमच्या बुढीनं एकादशी फुकटात शिकवली असती तुले."

त्याच महिन्यात एका लग्नाला गेलो. मांडवात एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसलो. दोन खुर्च्या घेऊन कोणी आले नाही. बराच वेळ मला कोणी ओळखलेही नाही.

मार्गशीर्षात बहिणीचा फोन आला.

"बाबू, शनिवारी रोडगे ठरवले. शुक्रवारीच ये."

"ताई, मले रोडगा चालत नाई."

"अख्खा कोण खा म्हणते? पण नवस तुह्या नावाचा हाये. तू नाई खाल्ला तं फिटत नाई."

फिटला नाही तर काय, ते ती बोलली नाही. आमची आई आजारी असताना बोललेला एक नवस फेडायचा राहून गेला होता. त्या पावसाळ्यात आई गेली. या दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही. बहीण लावते, आणि तेव्हापासून लावत आली आहे. माझ्या शस्त्रक्रियेपासून तिला झोप लागत नसल्याचे भाऊजींनी वेगळा फोन करून सांगितले.

आहारतज्ज्ञ बाईंना विचारले. त्या नागपूरच्या, त्यांना रोडगा सांगावा लागला नाही. म्हणाल्या, "आधी वरणातली घट्ट डाळ खा. कणकेचं सगळ्यात शेवटी, नखाएवढा तुकडा. छाती जड वाटली की थांबायचं. मग कोणी काही म्हणो."

शनिवारी दुपारी मारुतीच्या देवळामागच्या शेतात धूर चालला होता. तूर उभी होती, बाजूच्या वावरात कापसाची वेचणी चालू होती. गडीमाणसे विस्तवातून रोडगे काढून पोत्यावर घोळत होती. भाऊजींच्या चुलतभावाने मला पाहिले आणि हातातला रोडगा तसाच धरून ओरडला.

"अबे, हा तं अर्धाच आला! उरलेला कोठी ठेवला?"

"नागपूरले," मी म्हणालो.

हशा झाला. मागे खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारले, "सात रोडगेवाला हाच काय?"

"हाच."

"वाटत नाई."

पुरुषांची पंगत बसली. नैवेद्य झाला. मला मध्ये बसवले, पूर्वीसारखे. बहिणीने पहिला रोडगा फोडला, चतकोर माझ्या पत्रावळीत ठेवला आणि समोर उभी राहिली. आणि तेव्हा ध्यानात आले की बाईंनी जे शेवटी खायला सांगितले होते, तेच इथे सगळ्यांच्या आधी खायचे होते. मी खाल्ल्याशिवाय पंगत सुरू होणार नव्हती. अख्खी ओळ पत्रावळीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी नखाएवढा तुकडा तोडला. चावला. चावत राहिलो. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. गिळला तेव्हा मारुतीचा जयजयकार झाला आणि सगळे हात एकदम पत्रावळीत गेले.

वाढप्या तूप घेऊन आला. मी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"देवाचं हाये पाहुणे, नाई म्हणू नये."

"त्याले वाढू नका रे!" बहीण चुलीजवळून ओरडली.

मी डाळीकडे वळलो. डाळ थोडी, थांबून, मग एक तुकडा. ओळ भराभर जेवत होती. सगळ्यांचे जेवण आटोपले तेव्हा माझ्या चतकोरातला थोडाच भाग गेला होता. सगळे उष्टे हात घेऊन बसले. मला वाटले, आता बोलणे निघेल. कापसाचा भाव निघाला, एका बैलाच्या पायाचे निघाले, आणि संपले. नजरा चुलीकडे जात होत्या. तिथे बायका आणि पोरे पत्रावळी उठायची वाट पाहत होती. पूर्वी मी खायचो ते बघण्यासारखे होते. आता बघायला काही नव्हते.

"काय भाऊ, रवंथ करून राह्यले काय?" चुलतभाऊ म्हणाला.

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा लहान. मी घाई केली. पुढचा तुकडा पुरता चावला न जाता खाली गेला आणि छातीच्या मध्यभागी थांबला. ही कळ मला ओळखीची होती. तोंडात लाळ सुटते, घाम येतो, आणि माणूस हलला की ओकारी ठरलेली. नवसाचे अन्न पंगतीत ओकले तर बहिणीला काय वाटेल, एवढेच डोक्यात होते. मी ताठ बसून नाकाने श्वास घेत राहिलो.

बहीण झारा ठेवून आली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

"उठा रे तुम्ही सारे."

"असं कसं वहिनी? नवसाचा माणूस बसून राह्यला अन् आम्ही उठाव?"

"त्याची पंगत माह्यासंगं हाये. उठा म्हणते ना."

ते उठले. माझ्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी गोळा झाल्या, बसायची लांब पट्टी झटकून नेली, आणि मी मोकळ्या जमिनीवर एकटा पत्रावळीसमोर राहिलो. पलीकडे बायकांची पंगत बसली. हळूहळू छातीतला तुकडा सरकला आणि खाली गेला.

तेवढ्यात बहीण आपली पत्रावळ घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. एरवी ती सगळ्यांचे झाल्यावर जेवते.

"दुखते काय?"

"आता नाई."

"मले वाटे, तुले आता भूकच नसन लागत."

"भूक नाई लागत. जेवावंसं वाटते."

तिने रोडगा कुस्करला, वरण ओतले.

"तिकडं एकटाच जेवतं काय?"

"हो."

"माहं बी जेवण सगळ्याइच्या मागूनच होते," ती म्हणाली. "लग्न झालं तवापासून." आणि घास घेतला.

ती लवकर जेवते. सवय आहे, कामे खोळंबलेली असतात. माझ्या चतकोरातले तीन-चार तुकडे उरले तेव्हा तिची पत्रावळ रिकामी झाली होती. चुलीजवळून तिच्या जावेने हाक मारली, "बाई, वरणाचं गंज चुलीवरून उतरवू काय?"

"थांब."

"ताई, जा तू," मी म्हणालो. "मले वेळ लागन."

"लागू दे."

"एवढ्यानं फिटला नसन काय?"

"तू जेवून उठला का फिटन. घाई नको करू."

मी पुढचा तुकडा तोडला. वाऱ्याने राख उडून पत्रावळीवर येत होती, तिने डाव्या हाताने ती अडवून धरली. उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता. बोटांवरचे वरण वाळून पिवळी पापडी धरू लागले होते. जावेने आणखी एक हाक मारली. ती बसून राहिली.