चंद्रकलाबाईंनी भिशी उचलली

तांडापेठेतल्या विणकरवस्तीत कोणाची सून योजनेचा पहिला हप्ता भरायला निघाली, की सासूला विचारो न विचारो, चंद्रकलाबाई पौनीकरांना विचारून जायची. त्या वर्षांत इतवारीच्या बाजारात योजनांचं नुसतं पीक आलं होतं. भांडेवाला म्हणे, दर महिन्याला पैसे भरा, तुमचं नाव निघालं तर घागर उचला, पुढचं भरायचं कारण नाही. कापडवाला म्हणे, दिवाळीपर्यंत भरा, शेवटचा हप्ता आमच्याकडून. आणि प्रत्येकाच्या दारात बायकांना दिसेल अशी भेटवस्तूंची रांग मांडलेली: डबे, चाळण्या, लोटे.

चंद्रकलाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. पण मागावरच्या घरात वाढलेली बाई लुगडं हातात घेतलं की आधी उलटं करून पाहते. योजनाही त्या तशाच उलट्या करून पाहायच्या. दाखल व्हायची फी किती? मधेच सोडली तर पैसे परत, की तेवढ्याचा माल? नावच निघालं नाही तर शेवटी हातात काय? आणि भेटीचा डबा नको म्हटलं तर हप्ता किती कमी करता? हा शेवटचा प्रश्न आला की दुकानदार घाईघाईनं चहा मागवत.

एकदा शेजारची सत्यवती असा भेटीचा डबा मिरवत घेऊन आली. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, हौशी मुलगी. चंद्रकलाबाईंनी तो किराणावाल्याच्या तराजूत टाकला, वजन पाहिलं आणि परत दिला.

"याच्या दुप्पट पैसे तुह्या हप्त्यात गेले, बाई."

"पण काकू, चमकते किती!"

"चमकनच वं. तुह्याच पैशानं घासला हाय."

गल्लीची स्वतःचीही एक भिशी होती. ती रुख्माबाई हेडाऊ चालवत. पंचवीस बायका, प्रत्येकीचे महिन्याला वीस रुपये. फी नाही, भेट नाही, फक्त पैसे. जिला त्या महिन्यात रक्कम हवी असेल तिनं बोली लावायची, मी इतके सोडते. जी सर्वांत जास्त सोडेल तिनं उरलेली रक्कम उचलायची, आणि तिनं सोडलेले पैसे बाकीच्या बायकांत वाटले जायचे. म्हणजे घाई असेल तिचा तोटा, आणि थांबेल तिचा फायदा. चंद्रकलाबाई कायम थांबणाऱ्यांतल्या. त्यांनी भिशी नेहमी शेवटच्या महिन्यांत उचलली, तेही बोली न लावता. "घाई करनाऱ्याच्या पैशानं धीर धरनाऱ्याची चूल पेटते," असं त्या म्हणत. ऐकायला कडू, पण हिशेबाला खरं.

या भिशीत एक रीत मात्र होती. बोली सुरू होण्याआधी रुख्माबाई कंबरेवर हात ठेवून मोठ्यानं विचारत, "कोनाच्या घरी अडलं-नडलं हाय का? लगन, बाळंतपन, दुखनं? असन तं सांगा वं, लाजू नका." कोणी सांगितलं, तर त्या महिन्यात बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. त्या बाईनं सव्वा रुपया सोडायचा आणि सगळी रक्कम घेऊन जायची. एकदा बोली सुरू झाली, की मग मात्र रीत संपली.

चंद्रकलाबाई या रीतीला मान देत, पण योजनांच्या गुणदोषांत ती कधी धरत नसत. त्यांना स्वतःला तिची गरजच पडली नव्हती. प्रेमलता आजारी पडेपर्यंत.

प्रेमलता त्यांची एकुलती मुलगी. मॅट्रिक झालेली, अंगानं बारीक, बोलायला तिखट. मागच्या खोलीत तिचे वडील बाबनराव मागावर बसत आणि प्रेमलता शेजारी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरून देई. दोन हिवाळ्यांपासून तिला धाप लागू लागली. आधी सर्दी म्हणून काढा झाला, मग छातीला तेल झालं. पोरगी भिंतीला टेकून बसे, खांदे वरखाली होत, आणि चंद्रकलाबाई पोळी लाटता लाटता तिचे श्वास ऐकत राहत. आईच्या कानाला मग दुसरं काही ऐकू येत नाही. शेवटी त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

"टीबी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दमा आहे. सुताची धूळ हिला सोसत नाही. चरख्यावरून उठवा, आणि शक्य तितकं मागापासून लांब ठेवा."

चरख्यावरून उठवायचं म्हणजे कांड्या भरायला दुसरी बाई मजुरीनं ठेवायची. ती मजुरी कुठून आणायची? प्रेमलताच म्हणाली, "मले मशीन घेऊन दे. समोरच्या ओसरीत बसून शिवतो. पोलकी, परकर, जे येईन ते. मजुरी निघून दोन पैसे उरतीन."

शिवण तिला येत होतं. आता मशीन घ्यायचं ते कसं, एवढाच प्रश्न. चंद्रकलाबाई कामाला लागल्या.

मशीन कंपनीचा एजंट हप्त्यांवर मशीन द्यायला तयार होता. वर झाकण फुकट, भरतकामाचा वर्ग फुकट. पण सुरुवातीलाच मोठी रक्कम हवी, आणि नोकरीवाला जामीनदार हवा. विणकराच्या गल्लीत नोकरीवाला कुठून आणायचा? मग त्या इतवारीत ताराचंद सेठच्या दुकानात गेल्या. तिथं मशीनची योजना होती.

"नाम निकल गया तो अगले महीने मशीन आपके घर, बहनजी. और ये डबा तो आज ही ले जाइए."

"नाव नाई निघालं तं?"

"तो योजना पूरी होने पर सबको मिलेगी. दो साल में."

"दोन साल माही पोरगी काय करन?" हे त्या बोलून गेल्या आणि चपापल्या. लगेच म्हणाल्या, "म्हंजे शिकाची हौस हाय तिले. डबा नको, सेठजी. डब्याचे पैसे हप्त्यातून कमी करा."

"डबा तो फ्री है!"

"मंग मले दोन द्या."

सेठ हसले. चहा आला. चंद्रकलाबाई चहा पिऊन परत आल्या.

राहिली गल्लीची भिशी. पाचशेची रक्कम, मशीन रोखीनं सव्वाचारशेला. म्हणजे पंचाहत्तरपर्यंत सोडता येत होते. बोली एरवी तीस-चाळीसच्या पुढं जात नसे. जमण्यासारखं होतं.

बाबनराव म्हणाले, "बोली कायले लावतं? रुख्माबाईनं विचारलं की सांगून दे, घरात दुखनं हाय म्हनून."

"सांगू? अन उमरेडवाले?"

उमरेडचं एक स्थळ चालून आलं होतं. घर स्वतःचं, चार माग, मुलगा निर्व्यसनी. बाबनरावांचे चुलतभाऊ कवडूजी मध्यस्थ होते आणि दिवाळीनंतर बोलणी करायला येणार होते. "पोरीच्या छातीत दुखनं हाय, एवढं एक वाक्य गल्लीबाहेर गेलं की झालं," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "टीबी की दमा, कोन विचारते? मी बोली लावतो. तीस रुपये गेले तं जाऊ द्या, पोरीचं नाव तं राहीन."

बाबनरावांना हा हिशेब पटला नाही, पण हिशेबात बायकोशी वाद घालायची त्यांची सवय कधीच सुटली होती.

रविवारी दुपारी रुख्माबाईंच्या अंगणात बायका जमल्या. प्रेमलताही आईसोबत येऊन भिंतीशी बसली. रुख्माबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "कोनाच्या घरी अडलं-नडलं?"

चंद्रकलाबाईंनी पदराचा शेव बोटाला गुंडाळला. कोणी बोललं नाही.

"मंग लावा बोली."

"वीस," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

बाकीच्या सगळ्या बायकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. चंद्रकलाबाई बोली लावतात? सोडणाऱ्यांना हसणारी बाई स्वतः सोडायला निघाली?

आणि इथंच त्यांचा हिशेब चुकला. त्यांनी सगळं पाहिलं होतं, फक्त एक गोष्ट पाहायची राहिली होती. ती गोष्ट त्या स्वतः होत्या. गल्लीत सर्वांना ठाऊक होतं, चंद्रकलाबाई तोट्याचं काही करत नाहीत. त्या घाई करत असतील, तर कुठंतरी मोठा फायदा असणार.

"पंचवीस," सत्यवती म्हणाली.

"तुले कायले पायजे वं?" रुख्माबाईंनी विचारलं.

"काकूले कायले पायजे?" सत्यवती हसली. "इतवारीत काहीतरी स्वस्त झालं असन. आपल्याले सांगून नाई राहिली. तीस!"

"अवं, तुह्यावरच तू काहून बोली चढवतं?"

सगळ्या हसल्या. पण मागून आणखी कोणी पस्तीस म्हणालं. चंद्रकलाबाई चाळीस म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला तशी बायकांची खात्रीच पटली. पन्नास. साठ. "सोनं उतरलं का वं?" एकीनं हळूच विचारलं. चंद्रकलाबाईंनी पंचाहत्तर म्हटलं, आणि कपाळावरचा घाम पुसला. त्यापुढं एक रुपयाही नव्हता.

"ऐंशी," सत्यवती म्हणाली.

चंद्रकलाबाई खाली पाहू लागल्या. पुढच्या महिन्यात तरी वेगळं काय होणार होतं? त्यांनी तोंड उघडलं की बोली चढणारच. तोवर थंडी येईल. पोरगी चरख्याशी बसेल.

"ऐंशी एक वार," रुख्माबाई म्हणाल्या.

"रुख्माआजी," प्रेमलता भिंतीशीच उभी राहिली. "आमच्या घरी अडलं हाय."

"प्रेमा, बस खाली!" चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"मले दम लागते. सुताच्या धुळीनं. डॉक्टरीणबाईनं चरख्यावर बसाले मना केलं. शिलाई मशीन घ्याची हाय, म्हनून माय बोली लावून राहिली. सोनं-बिनं काही उतरलं नाई."

जे वाक्य गल्लीबाहेर जाऊ नये म्हणून चंद्रकलाबाई पैसे सोडायला तयार होत्या, ते पोरीनं सगळ्यांच्या मधोमध ठेवून दिलं होतं.

रुख्माबाईंनी कंबरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "बोली सुरू झाल्यावर सांगितलं. रीत तं संपली होती. आता हे माह्या हातात नाई." आणि त्यांनी सत्यवतीकडे पाहिलं.

सत्यवतीचा चेहरा पडला होता. "मी आपली गंमत म्हनून... काकू, आधी सांगाचं नं वं! माही बोली मोडली. मले काहीच घ्याचं नाई."

"माहीही मोडली," मागून कोणी म्हणालं. मग आणखी एकीनं. बोली उतरत उतरत पुन्हा जिथून निघाली तिथं आली, आणि चंद्रकलाबाईंच्या विसावर थांबली.

"वीस नाई," रुख्माबाई म्हणाल्या. "सव्वा रुपया."

मायलेकी घरी निघाल्या.

"उमरेडवाल्याइले आता काय सांगू?" गल्लीच्या वळणावर चंद्रकलाबाई म्हणाल्या.

"तुले त्याइची चिंता हाय की माही?"

"तुहीच हाय, म्हनून तं त्याइची हाय, बाई."

प्रेमलतानं आईच्या हातातली पिशवी घेतली. आईचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

त्याच आठवड्यात ओसरीत मशीन आलं. झाकणाशिवाय. पहिलं पोलकं सत्यवतीनं शिवायला टाकलं आणि उगाचच सगळे पैसे आगाऊ दिले.

दिवाळी झाली आणि कवडूजी आले. बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतंच. चहाचा कप हातात धरून ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, लोकं काहीबाही सांगून राहिले. म्हनलं, आपनच विचारावं. पोरीले काही दुखनं हाय का?"

बाबनरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"हाय," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "दमा हाय. टीबी नाई. धुळीपासून दूर असली की बरी राहते."

कवडूजींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मंग काही नाई. ते मोठ्या मनाचे लोक हायत. मी समजावतो त्याइले. चालवून घेतीन."

हे ऐकायला चंद्रकलाबाईंनी किती देव पाण्यात ठेवले होते. पण आता त्यांचं मन आपोआप ते स्थळ उलटं करून पाहू लागलं.

"भाऊजी, माग कुठं हायत त्याइचे?"

"घरातच. मधल्या खोलीत, चारही."

"कांड्या कोन भरते?"

"आतापर्यंत सासू भरते. थकली बिचारी. सून आली की सुटन."

"मंग नाई जमत."

"वहिनी! हुंडा नाई मागत ते. घर सोताचं. पोरगा सुपारीचं खांडही खात नाई. असं स्थळ पुन्हा येनार नाई, पाहून ठेवा."

"पाहिलं," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "सारंच चांगलं हाय, भाऊजी. पन तिथं माह्या पोरीले श्वास घेता येनार नाई."

कवडूजी रागावले नाहीत. दुखावले. चहा संपवून, "येतो मंग," म्हणून निघून गेले.

"मले विचाराचं तं होतं," बाबनराव म्हणाले.

"विचारतो आता. देता का पोरगी चार मागांत?"

ओसरीतून मशीनचा आवाज येत होता. बाबनराव उठले, मागच्या खोलीत गेले, आणि मागावर बसण्याआधी त्यांनी ओसरीकडचं मधलं दार फटही न ठेवता आतून नीट ओढून घेतलं.