संत्र्याच्या वासाचं औषध

आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहायला बसलो याची आधी माफी मागतो. पण आज वसतिगृहात संत्रं सोललं आणि त्या वासाने मला पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या अंगणात नेलं.

चुलतवहिनी रेखा तेलंगणातून मिरची तोडून आली होती. तिच्या तान्ह्या पोरीच्या जिभेवर पांढरा थर साचला होता. दूध ओढायला गेली की ती रडायची. दवाखान्यातल्या सिस्टरने त्यावर लावायला दिलेल्या जेलला असाच संत्र्याचा वास होता. वहिनीने हात मागे घेतले.

"कितीबी धुवा, मिरची जात नाई. पोरीले झोंबन. तुमीच लावा ना भाऊजी, तुमचे तं पेनाचे हात."

मी बोटाने हळूच जेल लावलं. पोर हिरड्यांनी माझं बोट चोखू लागली.

दुसऱ्याच दिवशी ट्यूब पदराला बांधून, पोरीला घेऊन वहिनी परत मिरचीवर गेली. ते लोक मग तिकडेच राहिले. तिथे औषध कोण लावत असेल, पोर दूध प्यायली असेल का, हे मला वर्षानुवर्षं छळत राहिलं.

आज न राहवून आईला फोन केला. परवाच एका लग्नात वहिनी तिला भेटली होती.

"पोरगी शाळेत जाते," आई म्हणाली. "रेखा आपल्या जिभेनंच लावे ते औषध. बोटाले मिरची राहे ना."