स्क्रू अडकला ती पंचमी

लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरी करायची, हा आमच्याकडचा रिवाज. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. त्या उन्हाळ्यात भोंगवलीतल्या माझ्या बरोबरीच्या सगळ्या मुलींची लग्नं एकापाठोपाठ उरकली. कुणी सासवडकडं गेली, कुणी वाईकडं, आणि मी पार विंझरला. निघताना गळ्यात पडून आम्ही एकच बोललो होतो, पंचमीला भेटू. पुढं लेकरंबाळं झाली की कोण कुठं सापडणार, हे आम्हालाही कळत होतं. आखाडात भातलावणी होती म्हणून मला माहेरी पाठवलं नव्हतं, त्यामुळं माझं सगळं लक्ष पंचमीकडं. सासर काही वाईट नव्हतं. पण भात खाऊन खाऊन जीव विटला होता आणि बाजरीची भाकरी स्वप्नात यायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा मला न्यायला आला. माझा हा थोरला भाऊ शिवऱ्याला हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा. मी पहाटेच न्हाऊन, गाठोडं बांधून तयार. भावासाठी धरायचा उपवासही धरला होता. दुपारची एसटी गाठली की नसरापूर, तिथून सारोळं, पुढं पायी, आणि दिवेलागणीला घरात. मनानं तर मी केव्हाच पोचले होते.

पण सासऱ्यांची पिठाची गिरणी होती आणि ती नेमकी कालपासून बंद पडलेली. इंजिन चालायचं, पण त्याची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं बिडाचं चाक, दांड्यावर घसरत राहायचं. चाकाला दांड्यावर आवळून धरणारा बोटाच्या पेराएवढा स्क्रू झिजला होता. नवा स्क्रू घरात होता, पण जुना निघेल तेव्हा बसवणार ना! आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना कोंब फुटतात, तिथं लोखंडाची काय कथा. स्क्रू गंजून चाकाशी एकजीव झाला होता. त्यात सासऱ्यांनी मोडक्या विळ्याचं टोक घालून त्याची खाच पार घालवली होती. स्वभावच तसा त्यांचा. दार उघडलं नाही तर कडी उपटणार.

पंचमीला दळायचं नाही, चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणजे पुरण भरून उकडायच्या दिंडांची कणीक आदल्या दिवशीच दळून हवी. गिरणीच्या ओसरीवर साऱ्या गावाच्या पाट्या आणि डबे येऊन बसले होते.

"पावणं," सासरे दादाला म्हणाले, "तुमी गॅरेजातलं मानूस. जरा बगता का? तुमचा हात लागला की झालं."

मी दाराआडून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. पण मुलीकडच्या माणसानं व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? "बगतो की मामा," दादा म्हणाला आणि सदरा काढून बसला.

हात लागला, पण झालं काहीच नाही. आधी त्यानं गंज खरवडून घासलेट सोडलं आणि ते मुरायची वाट बघत बसला. मग छिन्नीनं नवी खाच पाडली. पेचकस लावून पिळलं तर ती खाचही सुटली. जोरानं हाणायची सोय नव्हती, कारण बीड तडकलं तर गिरणीच बसली असती. सासरे डोक्यावर उभे राहून "हाना, हाना" करत होते. दादा "व्हय मामा" म्हणायचा आणि हळूच ठोकायचा. मध्येच उठून डाळभात पोटभर जेवला. मी ज्याच्या आयुष्यासाठी उपाशी, तो माझ्याच सासऱ्यांच्या पुलीला गोचिडासारखा चिकटून बसलेला! मला त्याचा असा संताप आला होता की उपवास सोडून द्यावासा वाटला.

"जाऊ द्या की पोरीला," सासूबाई एकदा बोलल्या. सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी लोहाराचा भाता आला. घासलेट पुसून काढून दादानं निखाऱ्यांवर चाकाचा मधला भाग तापवला. चटका बसेल इतका तापल्यावर त्यानं छिन्नी तिरकी धरली आणि स्क्रूच्या कडेला उलट्या बाजूनं टिचक्यांसारखे घाव घालू लागला. तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

दादानं हातोडी थांबवली. सगळ्यांसमोर मला विचारलं, "गरम हाय तवर निघंल. गार झाला तर पुली फोडायला लागंल. तू सांग, उठू का?"

ओसरीवरच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. त्यातल्या एकीची लेक सकाळीच आली होती, तीही पहिल्याच पंचमीला. आईचा हात धरून तिला चिकटून उभी होती. माझं गाठोडं काखेत होतं.

"काढ," मी म्हणाले आणि पाठ फिरवून रडले.

एसटी गेल्यावर थोड्याच वेळात करकर आवाज झाला आणि स्क्रू हलला. ओसरीवर आनंदीआनंद. नवा स्क्रू बसला, पट्टा चढला, गिरणी धडधडू लागली. सगळ्यांची कणीक झाली. सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला "बाळ, जेव" म्हटलं. उपवास आहे, हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

सकाळच्या गाडीनं निघू असं दादा म्हणाला. पण पाऊस असा लागला की ओढ्याच्या फरशीपुलावरून पाणी गेलं आणि पंचमीला एसटी आलीच नाही. जिच्यापायी अडकले ती गिरणी दिवसभर मुकी. दादा ओसरीवर नुसता बसून राहिला, त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. खुरपणीचे दिवस, म्हणून मैत्रिणींपैकी कुणालाच सासरनं जास्त दिवस सोडलं नव्हतं. निंबाला झोका तसाच होता, खाली चिखलात हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

"लई वाट बगितली गं समद्यांनी," आई म्हणाली. "आज सकाळच्या गाडीपतूर थांबल्या व्हत्या."

मी उंबऱ्यावरच बसले आणि मोठ्यानं रडू लागले. आई काही समजावत बसली नाही. तिनं पदर खोचला.

"चल ऊठ. झोका घिऊ."

"कुनासंगं?"

"म्या हाय की."

जिला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं, ती माझी आई फळीवर माझ्यासमोर उभी राहिली आणि गुडघे वाकवून तिनं झोका चढवला. शेजारणी हसल्या, तीही हसली. आमची डोकी निंबाच्या पाल्यात जाऊन येत होती.

त्या मैत्रिणी पुढं एकेकट्या भेटल्या, सगळ्या मिळून कधीच नाही. त्याचं वाईट वाटायचे दिवस होते, ते सरले. आता श्रावण लागला की मला हवी असते फक्त आई. धापा टाकत तिनं विचारलं होतं, "आजून उंच घिऊ का गं?" ती दमली होती म्हणून मी पुरे म्हणाले. कशाला म्हणाले?