योमोगीला पाय लागला

होक्काइदोहून परत आल्याला दुसरा हिवाळा लागला, तरी माझ्या जाड जॅकेटच्या खिशातून अजून वाळलं गवत निघतं. किश्श्यांचंही तसंच आहे. ते कुणी गोळा करायला जात नाही, ते आपले शिवणीत अडकून घरी येतात. टोकियोजवळ ग्योतोकुला आमच्याकडे चार मराठी माणसं जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "प्राची, तो टोपीचा किस्सा सांग ना!" मी सांगते. लोक हसतात. मग मी घाईघाईने कप उचलायला लागते, कारण टोपीच्या मागोमाग बाकीचेही यायला लागतात आणि ते सगळे काही हसण्याचे नाहीत. आज कप राहू देत.

*

मुळात मी तिकडे गेले ती माझ्या गाइडमुळे, मोरी-सेन्सेईंमुळे. माझी पीएचडी कुरणातल्या गवतावर. मायक्रोस्कोपखाली गवत, एक्सेलमध्ये गवत, स्वप्नातही गवतच. एकदा सेमिनार संपल्यावर सेन्सेईंनी एकच प्रश्न विचारला, "प्राची-सान, हे गवत जे खातात, त्यांना तू कधी भेटली आहेस का?"

मी हसले. सेन्सेई विनोद करत नाहीत हे मला तोपर्यंत कळायला हवं होतं. मे महिन्यात मी होक्काइदोच्या पूर्व टोकाला कान्नो-सान नावाच्या माणसाच्या रँचवर इंटर्न म्हणून उभी होते, पहिला बर्फ पडेपर्यंतच्या बोलीवर. नवरा निखिल ग्योतोकुला, त्याच्या ऑफिसात आणि त्याच्या मॅगीत.

कान्नो-सान सत्तरीचे, मूळचे फुकुशिमाकडचे. भूकंपानंतर अणुभट्टीचा अपघात झाला, गाव रिकामं करावं लागलं, तेव्हा बायकोला घेऊन इथे आले आणि पुन्हा पहिल्यापासून गुरं उभी केली. आता गुडघे गेलेले, मागे चालवणारं कुणी नाही. फाटकातच त्यांनी मला सांगून टाकलं, "हा आमचा शेवटचा मोसम. गाईंना गिऱ्हाइकं मिळाली आहेत. घोडीचं ठरायचंय."

घोडीचं नाव योमोगी. योमोगी म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीचं एक कडवट रानगवत. घोडीही तशीच, राखाडी हिरवट डोळ्यांची आणि स्वभावाने कडू. वय वीस. इथे आल्यावर कान्नो-साननी घेतलेलं पहिलं जनावर तेच. म्हाताऱ्या घोड्याला कुणी हौसेने ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर इथे त्याला एकच गिऱ्हाईक उरतं, आणि ते मांसाचं असतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं की वाईट, अजून ठरत नाही.

मला वाटलं होतं, आल्याआल्या घोड्यावर बसवतील. हातात फावडं दिलं.

आठवडाभराने मी विचारलं, "घोडीवर कधी बसायचं?"

"शेण उचलून झालं की."

"शेण कधी संपतं?"

कान्नो-साननी प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाले, "मी तरी अजून संपलेलं पाहिलं नाही."

*

आता टोपी. माझ्या जोडीचे दुसरे इंटर्न मियाके-सान, वय पंचावन्न. नागोयाला गाड्यांचे ब्रेक बनवण्यात सगळा जन्म गेला, बायको वारली तशी नोकरी सोडून काउबॉय व्हायला आले. खरीखुरी काउबॉयची टोपी घेऊन आले होते, रुंद काठाची. गोठ्यात जातानाही काढायचे नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते वाकून वैरण टाकत होते. एका गाईने शांतपणे टोपीचा काठ तोंडात धरला आणि पानसुपारी चघळावी तशी चघळायला लागली. मियाके-सान ओढतायत, गाय ओढतेय. शेवटी त्यांच्या हातात नुसता पट्टा आला. बाकीची टोपी आत.

कान्नो-सान गुडघे सांभाळत आले, गाईकडे पाहिलं, म्हणाले, "काळजी करू नका. हिला चार पोटं आहेत. कुठल्या तरी एकात असेल."

ग्योतोकुला किस्सा सांगताना मी इथे थांबते. पण ती टोपी त्यांच्या बायकोने हॉस्पिटलच्या खाटेवरून, फोनवर बघून पसंत केली होती. आमच्याबरोबर ते पोट धरून हसले. संध्याकाळी मी बादली ठेवायला गेले, तर त्या गाईपाशी पट्टा हातात घेऊन उभे होते. मला बघून म्हणाले, "हिला बरं नाहीसं वाटलं तर कळायला हवं, म्हणून थांबलोय."

*

भारतात गाईला देव मानतात ही बातमी माझ्या आधीच रँचवर पोचलेली. एकदा एक गाय माझ्या बुटावर पाय देऊन उभी राहिली. ढकललं, दामटलं, ढिम्म नाही.

कान्नो-सान लांबूनच म्हणाले, "तुमच्याकडे ही देव ना? मग सांग ना देवाला, पाय उचल म्हणून."

"सांगितलं. देव ऐकत नाही."

"हं," ते म्हणाले, "आमच्याकडेही तसंच आहे."

*

जूनमध्ये एकदाची घोडीवर बसले. मियाके-साननी घोडेस्वारी मला ड्रायव्हिंगसारखी समजावली होती: लगाम म्हणजे ब्रेक, टाच म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. ऐकायला सोपं. पण मी वाढले पुण्यात, आमच्या आईच्या हाताखाली. पुस्तकाला पाय लागला, ताटाला लागला, बहिणीला लागला, की वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. नाही केलं तर आई नुसती बघायची, तेवढं पुरे व्हायचं.

कान्नो-सान म्हणाले, "टाच मार." मी मारली. म्हणजे लावली. आणि माझा उजवा हात आपोआप लगाम सोडून तिच्या मानेला लागला आणि तिथून कपाळाला गेला. योमोगी चालायला लागली.

पुन्हा थांबवलं, पुन्हा टाच, पुन्हा नमस्कार. महिनाभर हेच. टाच मारायची नाही असं नाही, पण पाय लागला की हात जायचाच. मियाके-साननी शेवटी इंजिनिअरच्या डोक्याने निदान केलं, "तू ब्रेक दाबून ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटर देतेस. हात उचललास की लगाम ढिला पडतो, म्हणून ती निघते. तिला वाटतं, निघण्याची खूण तीच आहे."

खरंच होतं. पुढे पुढे टाचेला तिने जुमानणंच सोडलं. नुसती पायी न्यायची असली तरी जागेवर थांबून मान वळवायची आणि माझ्या हाताची वाट बघायची. मला तर भारी वाटायचं. वीस वर्षांच्या घोडीला मी मराठी वळण लावलं होतं!

कान्नो-साननी एकदा विचारलं, "ते कपाळाला काय लावतेस?"

मी सांगितलं, पाय लागला तर आमच्यात असं करतात.

"म्हणजे माफी मागतेस?"

"तसंच काहीसं."

त्यांनी खोगिराचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "जनावराची माफी मागू नये. एकदा सुरू केलं तर थांबायचं कुठे?"

मला ते खडूस वाटले. मनातल्या मनात बोललेही तसं.

*

ऑगस्टमध्ये वासरं बाजारात गेली. त्यांच्या आया गोठ्यात हंबरत राहिल्या, रात्रंदिवस, घसा बसेपर्यंत. माझी खोली गोठ्याला लागून. दुसऱ्या रात्री मी खिडकी लावून घेतली, कानात बोळे घातले.

सकाळी कान्नो-सानची बायको माझ्या खोलीत आली. त्यांना मी मनातल्या मनात काकूच म्हणायचे. त्यांनी खिडकी उघडली.

"झोप येत नाही हो," मी म्हटलं.

"आम्हालाही येत नाही," काकू म्हणाल्या. "पण लावू नकोस. कुणीच ऐकत नाही असं वाटेल त्यांना."

त्यानंतर मी निघेपर्यंत ती खिडकी लावली नाही.

*

योमोगीसाठी घर शोधायचं काम मी आणि मियाके-साननी अंगावर घेतलं. राइडिंग क्लब, शाळा, हॉटेलं, सगळीकडे फोन केले. जपानी माणूस 'नाही' म्हणत नाही. वय ऐकलं की नुसता श्वास आत ओढतो आणि "जरा..." म्हणून थांबतो. त्यापुढे बोलणं नसतंच.

शेवटी निखिलला फोन केला. आपणच ठेवली तर?

"कुठे? बाल्कनीत?" तो म्हणाला. "सोमवारी जळाऊ कचरा, गुरुवारी प्लास्टिक. शेण कुठल्या वारी टाकायचं ते आधी सिटी ऑफिसला विचारून ठेव."

मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. मग हळूच म्हणाला, "खरंच देणार का गं तिला?"

*

सप्टेंबरात एका संध्याकाळी काकू आणि मी बटाटे सोलत बसलो होतो. मी तक्रारीच्या सुरात म्हटलं, कान्नो-सानना घोडीचं काहीच कसं वाटत नाही? काकू सोलत राहिल्या आणि सोलता सोलताच बोलायला लागल्या.

"गाव सोडा म्हणाले, तेव्हा ह्यांना वाटलं, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. गव्हाणी भरल्या, पाणी ठेवलं आणि गाई बांधूनच ठेवल्या. मी म्हटलं, सोडून देऊ या. हे म्हणाले, लोकांच्या शेतात शिरतील, शेजाऱ्यांना उगाच त्रास."

त्यांनी एक बटाटा पाण्यात टाकला.

"शेजारी तरी कुठे होते? तेही आमच्या पुढच्या गाडीत होते."

परत आत जायची परवानगी मिळेपर्यंत झाडांना पालवी येऊन गेली होती. "हे एकटेच गोठ्यात गेले. मी गाडीत बसून राहिले. बाहेर आले आणि म्हणाले, गव्हाणी चाटून चाटून गुळगुळीत झाल्यात. एवढंच. त्यानंतर ह्या विषयावर कधी बोलले नाहीत."

काकूंनी माझ्या हातातला बटाटा काढून घेतला. मी त्याची नुसती सालं काढत राहिले होते, बटाटा उरलाच नव्हता.

*

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका राइडिंग क्लबचा मॅनेजर चक्क बघायला आला. लहान मुलांना फिरवायला शांत घोडी हवी होती, वय चालणार होतं. मी योमोगीला इतकं घासलं की ती चमकायला लागली. मियाके-साननी तिचे खूर तेलाने पुसले. काकूंनी चहाबरोबर ठेवणीतल्या वड्या काढल्या.

मॅनेजर चढला. टाच मारली. योमोगी उभी. जोरात मारली. योमोगी उभी. तिने मान वळवून त्याच्या हाताकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

मी धावत गेले. म्हटलं, "असं करा, मानेला हात लावा आणि मग तो कपाळाला लावा."

तो माझ्याकडे बघून हसला. भला माणूस होता, म्हणून करूनही बघितलं. घोडी लगेच निघाली, सुंदर चालली, अंगणाला एक फेरी मारून परत आणून त्याला उतरवलं. त्याने तिला थोपटलं आणि म्हणाला, "फार गुणी आहे. पण लहान मुलांना हे कसं शिकवणार? जरा..."

आणि श्वास आत ओढला.

त्याची गाडी गेल्यावर मी फाटकापाशीच बसून रडले. माझा हात मला नकोसा झाला होता. कान्नो-सान शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझा हात नसता, तरी तो वयामुळे नाहीच म्हणाला असता. घरी जाऊन म्हणाला असता, एवढंच." हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, देव जाणे.

*

गाई आधीच्या आठवड्यात गेल्या. गोठा रिकामा. योमोगीसाठी ट्रक आला तो सकाळी, गवतावर दव गोठलेलं असताना. ट्रक कुठे जाणार होता, ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

ट्रकमध्ये चढायच्या फळीपाशी आल्यावर योमोगी थांबली. कान्नो-साननी जीभ टाळूला लावून नेहमीचा आवाज काढला. ती हलली नाही. ड्रायव्हरने मागून दोर लावला, मियाके-साननी नुसता हात लावून ढकलल्यासारखं केलं आणि बाजूला झाले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

कान्नो-सान म्हणाले, "प्राची-सान, तुझ्या हाताने जाईल ती."

मी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले आणि गवताच्या काड्या मुठीत धरल्या. "मला नाही जमणार. माफ करा."

ते रागावले नाहीत. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत होत्या, हात कोरडे असून.

कान्नो-साननी हातमोजा काढला. उजव्या हातात दोर होता, म्हणून डावा हात त्यांनी तिच्या मानेवर ठेवला. ठेवला तो उचलेचनात. मग सावकाश तो हात आपल्या कपाळाला लावला.

योमोगी चढली. फळीवर तिच्या खुरांचा आवाज झाला आणि ड्रायव्हरने मागचं दार लावलं.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, तरी कान्नो-सान तिथेच होते, हातमोजा न घालता. मग वळले आणि घराकडे न येता रिकाम्या गोठ्यात शिरले. मी त्यांच्या मागे जायला निघाले, तर काकूंनी माझी बाही धरली. दारातून आम्हाला आतलं दिसत होतं. ते पहिल्या गव्हाणीपाशी थांबले, तिच्या काठाला हात लावला, कपाळाला नेला. दुसऱ्या गव्हाणीपाशी गेले, हात लावला, कपाळाला नेला. मग तिसऱ्या. गोठा लांबलचक होता.

काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज जेवायला उशीर होईल," आणि आत जाऊन त्यांनी भाताखालचा गॅस बंद केला.