मानेवरचा हिरवा ठिपका

लष्करी छावणीच्या दवाखान्यात ठिपकेरावांचं काम एकच. कुठल्या जवानाला काय झालं आणि तो कुठल्या बराकीत राहतो, ते संगणकावरच्या नकाशात ठिपका टाकून दाखवायचं. तापाला लाल, जुलाबाला पिवळा, गजकर्णाला हिरवा. वीस वर्षं हेच केल्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यालाही ते "बसा" म्हणायच्या आधी "पोट कसं आहे?" विचारत.

त्या महिन्यात नकाशा हिरवागार झाला. बराकीमागून बराकी, आणि सगळ्यांचं गजकर्ण मानेवर.

"एकतर बराकींचे कपडे धुणारा धोबी, नाहीतर केस कापणारा न्हावी," डॉक्टर मेजरबाई म्हणाल्या. "धोबी कुटुंबांच्या क्वार्टर्सचे कपडे घेत नाही, न्हावी मात्र तिथेही जातो. क्वार्टर्समध्ये एक जरी ठिपका सापडला तर दोष न्हाव्याचा. नाही सापडला, तर उद्या धोबीघराला टाळं."

ठिपकेरावांनी हळूच कॉलर वर केली. आठवडाभर तिथे खाजत होतं. ते राहत क्वार्टर्समध्ये, आणि न्हावी म्हणजे त्यांचा सख्खा मेव्हणा.

घरी बायकोनं कॉलर खाली ओढली. "अहो, हे काय?"

"घामोळं."

"इतकं गोल?"

शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. तिनं निवडायची भाजी बाजूला सारली. "भाऊ माझा आहे, पण त्याचा टॉवेलही मी पाहिलाय," ती म्हणाली. "धोब्याच्या पोटावर पाय नको. टाका ठिपका."

सकाळी ठिपकेरावांनी स्वतःच्या क्वार्टरवर हिरवा ठिपका टाकला. "हा कोण?" मेजरबाईंनी विचारलं. ते उठले, पाठमोरे झाले आणि कॉलर खाली केली.

संध्याकाळी मेव्हणा दारात उभा. तोंड एवढंसं.

"भाऊजी, नकाशात तुमचा ठिपका आहे म्हणे?"

"आहे रे. काय करणार..."

"आणि माझा?" त्यानं मान वळवली. तिथे एकात एक अशी तीन वर्तुळं होती. "दोन महिने झाले मला. सगळ्यात पहिला मी. घरचा माणूस असून वगळलंत?"

"बोलला का नाहीस आधी?"

"कोणी विचारलं का?"

आता न्हाव्याकडे प्रत्येक मानेला वेगळा टॉवेल असतो, आणि ते उकळायचं काम धोब्याला मिळालंय. मेव्हण्याची मान बरी झाली आहे. ठिपका काढायला मात्र तो तयार नाही. उलट जरा मोठा करा म्हणतो.