मोहपाड्याचा एकमेव प्रवासी

साक्री तालुक्यातल्या मोहपाड्यात कागदावर चारशे माणसं आहेत. दिवाळीनंतर निम्मी ऊसतोडीला गुजरातेत जातात. उरलेली साक्रीला जाताना किलोमीटरभर चालून फाट्यावर एसटी धरतात, कारण तिथून तिकिटाचा एक टप्पा वाचतो. गावच्या थांब्यावर चढतात ते फक्त भटू नाना. मधुमेहाने त्यांचा पाय चिघळलाय, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला जावं लागतं.

सोमवारी कंडक्टर म्हणाला, "नाना, उद्यापासून गाडी फाटावरूनच परत फिरी. तिकिटना मशीनमा तुमना गावना एकच माणूस शे."

"मंग फाटावर चढतस त्या काय भुतं शेतस?"

"मशीनमा त्या फाटाना शेतस."

फाट्यावर गावातले वीस-बावीस जण चढले. नानांनी त्यांना बातमी सांगितली.

"मंग तुम्हीबी फाटावर या ना नाना, टप्पा वाची!" लताबाई म्हणाली. सगळे हसले. मग तिची नजर नानांच्या पायाच्या पट्टीवर गेली आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

गुरुवारी नऊच्या गाडीसाठी नाना आठलाच काठी टेकत निघाले. फाट्यावर गाडीने त्यांची पाच मिनिटं वाट पाहिली. नाना शेवटच्या वळणावर पोहोचले, तेव्हा ती साक्रीकडे निघालेली होती.